औषध लागू पडतं, तरी पावसाळ्यात गोठ्यातला आजार परत परत का येतो?

आषाढ लागला की आमच्या गोठ्यात एकेक सुरू व्हायचं. आधी वासरांना खोकला, मग हगवण. त्या धावपळीत एखाद्या जर्सीची कास सुजायची, दुधात गुठळ्या यायच्या. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन जायचे, चार-पाच दिवसांत जनावर खायला लागायचं, आणि आम्ही हुश्श करतो न करतो तोच शेजारच्या दावणीतलं दुसरं मान टाकायचं. चतुर्थीपर्यंत हे असंच चालायचं. लसी वेळेवर होत्या, जंताचं औषध दिलेलं होतं, खाण्यात हात आखडता घेतला नव्हता. तरी सलग तीन पावसाळे हेच झालं, आणि तिसऱ्या वर्षी दीड महिन्याची एक कालवड गेली. गोव्यात सत्तरी, डिचोली, पेडणे या तालुक्यांत ज्यांच्याकडे पाच-दहा जनावरं आहेत, त्यांच्यापैकी बरेच जण हेच सांगतात. म्हणून आम्हाला उत्तर कसं सापडलं आणि ते शोधताना कुठे चुकलो, ते सविस्तर लिहिते.

सुरुवात औषधापासून करू नका, भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करा. मी मागची दोन वर्षं आठवून, दुधाच्या वहीत बघून, कोणत्या तारखेला कोणत्या जनावराला काय झालं ते मांडलं. तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. एकाच जनावराला तोच आजार फिरून होत असेल तर दोष त्या जनावरात शोधायचा. पण वेगवेगळ्या जनावरांना, वेगवेगळे आजार, एकाच मोसमात होत असतील तर गोठा तपासायचा. खोकल्याचा जंतू वेगळा, हगवणीचा वेगळा, कासदाहाचा वेगळा. हे सगळे एकाच महिन्यात जोर धरतात, कारण जनावराची स्वतःची लढायची ताकद त्या महिन्यात खाली आलेली असते. औषध जंतू मारतं. ताकद कशाने खाली आली, त्याला औषध हात लावत नाही. मग पंधरा दिवसांनी नवा जंतू त्याच उघड्या दारातून आत येतो.

आमच्या गोठ्यात एक पांढरी गावठी गाय आहे, आपल्या गोव्याची श्वेत कपिला. या तिन्ही पावसाळ्यांत ती एकदाच आजारी पडली. ही जात इथल्या दमट हवेत पिढ्यानपिढ्या वाढलेली. म्हणजे जे हवापाणी तिला सोसतं, ते संकरित गाईंना आणि वासरांना सोसत नव्हतं.

सगळ्यात आधी हवा

हे सुचवलं आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी. म्हणाले, "वहिनी, पहाटे दार उघडायच्या आधी आत जा आणि वासराशेजारी बसा. उभ्या राहू नका, बसा. आणि पाच मिनिटं उठू नका."

मी बसले. पहिल्या मिनिटातच नाकात तिखट वास भरला, दुसऱ्या मिनिटाला डोळे चुरचुरायला लागले, पाणी आलं. वासरू माझ्या गुडघ्याला नाक लावून झोपलं होतं आणि त्याच्या डोळ्यांखाली ओल्या धारा होत्या. मी रोज त्या गोठ्यात तासन् तास वावरत होते आणि हे कधी जाणवलं नव्हतं. एक तर आपलं नाक त्या वासाला सरावतं. दुसरं म्हणजे आपण उभे असतो. वासरू मात्र जमिनीपासून वीतभर उंचीवरची हवा घेतं, आणि अमोनिया तयार होतो जमिनीवरच. मूत्रातल्या युरियाला शेणातले जंतू फोडतात आणि हा वायू निघतो. जमीन ओली, हवा कोंडलेली, की तो साठत जातो. डोळे चुरचुरले म्हणजे प्रमाण साधारण दशलक्षात २० ते २५ भागांच्या घरात पोचलं असं समजा. १० च्या आत असावं.

नाकापासून फुप्फुसापर्यंतच्या नळीला आतून बारीक केस असतात. ते सतत हलत राहतात आणि आलेली धूळ, जंतू चिकट बेडक्यासकट वर ढकलून बाहेर काढतात. अमोनियाने हे केस आधी मंदावतात, मग झडतात. जे जंतू निरोगी वासराच्या नाकात एरवीही असतात आणि काही करत नाहीत, तेच मग खाली छातीत उतरतात. खोकल्याचं औषध देऊन वासरू बरं होतं, पण झोपायला जातं त्याच हवेत.

आता ही हवा कोंडते का, तर आपण कोंडतो. जून लागला की झड आत येऊ नये म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री बांधायची, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. आम्हीही बांधत होतो, अगदी जमिनीपर्यंत. आपल्याकडे पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे झड अडवायलाच हवी. पण पाणी अडवायचं आणि वारा सोडायचा, हे ताडपत्रीला जमत नाही. पूर्वी माडाच्या विणलेल्या झावळ्या लावत, त्यातून पाणी निथळून खाली जायचं आणि हवा खेळायची. आम्ही पाऊस येणाऱ्या बाजूला पुन्हा झावळ्या लावल्या, दुसऱ्या बाजूची ताडपत्री पूर्ण काढली, वळचण तीन फूट पुढे काढली आणि आढ्याजवळ दोन्ही उतारांच्या मध्ये वीतभर फट ठेवून तिच्यावर उंच टोपी बसवली. गरम, ओलसर हवा वर जाते, तिला वरून वाट लागते. खर्चाच्या मानाने या एका कामाने जेवढा फरक पडला, तेवढा दुसऱ्या कशानेही पडला नाही. पैसे एकाच कामापुरते असतील तर हेच करा.

धूर

डासांसाठी संध्याकाळी गोठ्यात धुरी करायची, ही आमच्याकडे सासूबाईंच्या काळापासूनची पद्धत. त्या काळी गोठ्याला भिंतीच अर्ध्या होत्या, धूर निघून जायचा. आता बंद गोठ्यात ओला पाला पेटवला की तो रात्रभर आतच राहतो. त्यात पेटवायला म्हणून पेंडीच्या गोणीचा प्लास्टिकचा तुकडा टाकला जातो, तो तर विषच. धूर निर्गुडीचा असो की कडुनिंबाचा, फुप्फुसाला तो धूरच. डास आणि माश्यांचा त्रास खरा आहे, तो सोडून द्या असं मी म्हणणार नाही. आम्ही वासरांच्या जागेला जाळी लावली आणि संध्याकाळी पंखा सुरू केला. वाऱ्यात डास टिकत नाहीत, आणि जमीनही सुकते.

चुना आणि ब्लीचिंग पावडर

ही माझी स्वतःची चूक. वास येतो म्हणून मी संध्याकाळी ओल्या जमिनीवरच चुना भुरभुरायचे. चुन्याने मूत्र-शेणातला अमोनिया उलट अधिक सुटतो. आणि पुढच्या वर्षी मी ब्लीचिंग पावडर टाकली. मुताने ओल्या जमिनीवर ती पडली की अमोनियाशी मिळून छाती जाळणारा वायू होतो, आणि आत जनावरं बांधलेली. त्या आठवड्यात खोकला वाढला, आणि मी समजत होते साथ आली. आता क्रम ठरलेला आहे: जनावरं बाहेर, शेण-मूत्र खरवडून काढायचं, भरपूर पाण्याने धुवायचं, सुकू द्यायचं, आणि मगच हवा असेल तर चुना. ब्लीचिंग पावडर गोठ्यात जनावर असताना कधीच नाही.

जमीन आणि कास

हातापेक्षा गुडघा खरं सांगतो. गाय जिथे झोपते तिथे अर्धा मिनिट गुडघा टेकवा. लुगडं, पॅन्ट जे काही असेल ते ओलं झालं तर तिची कासही रात्रभर ओल्यात आहे. जमिनीला नाल्याकडे साधारण ४० फुटांना १ फूट उतार हवा. आमच्याकडे उतार होता, पण गाईंच्या मागच्या पायांनी मध्ये खळगे पडले होते आणि मूत्र तिथे साचत होतं. खळगे भरले, नाली मोकळी केली, इतकंच.

अंथरायला लाकडाचा ओला भुसा घालू नका. त्यात वाढणारा एक जंतू कासदाहाची फार वाईट जात देतो, औषधाला दाद देत नाही. पातेऱ्याबद्दलही, म्हणजे झाडाखालच्या सुक्या पाचोळ्याबद्दलही, सांभाळून. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाने माणसं दगावली आहेत, आणि तो पसरवणाऱ्या गोचिडी जंगलातल्या पातेऱ्यात असतात. डिसेंबर ते मे या काळात रानातला पातेरा आणून गोठ्यात पसरणं म्हणजे गोचिडी घरी आणणं. आम्ही सुका पेंढा घालतो आणि रोज बदलतो.

दूध काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-पाऊण तास उघडं राहतं. तेवढा वेळ गाय बसता कामा नये, म्हणून वैरण दूध काढून झाल्यावर टाका, आधी नको.

वासरांसाठी पोफळीच्या पट्ट्यांची जमिनीपासून वीतभर उंच बैठक केली, दोन पट्ट्यांत बोटभर फट. मूत्र खाली जातं, वासरू वर सुकं राहतं. आणि प्रत्येक वासरू वेगळं, एकमेकांचं नाक चाटता येणार नाही इतकं लांब.

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीविषयी एक सांगायलाच हवं. चिरा सच्छिद्र, पाणी धरून ठेवतो, आणि त्याच्या भोकांत गोचिडी लपतात. काही जातींची मादी जनावरावरून गळून पडते आणि भेगांत हजारोंनी अंडी घालते. तुम्ही जनावरावर कितीही औषध फवारा, भिंत तशीच राहिली तर महिन्याभरात परत. आणि गोचिडीमार्फत येणारा थायलेरियाचा परोपजीवी रक्तातल्या संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्येच वाढतो, म्हणजे सैन्यच पोखरतो. चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घ्या.

पाणी

हवा सुधारली त्या वर्षी खोकला निम्म्याहून खाली आला. पण दोन गाईंच्या जखमा भरायला महिना लागत होता, एक गाभण राहत नव्हती, आणि माझ्या काळ्या गाईचा रंग पालटत होता. काळा मिटून तांबूस, आणि डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखी फिकट वर्तुळं. मला वाटलं, वय झालं असेल. डॉक्टरांनी ती वर्तुळं बघितली आणि विचारलं, "पाणी कुठलं पाजता?"

आमची विहीर खाणींच्या पट्ट्यापासून लांब नाही. होंडा, पिसुर्ले, डिचोली या बाजूला ज्यांच्या विहिरी आहेत त्यांना तांबडं पाणी ओळखीचं आहे. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, काही काळाने पुन्हा सुरू झाल्या, १६ मार्च २०१८ पासून पुन्हा बंद होत्या. ट्रक थांबले म्हणून जमिनीतलं लोह जात नाही, आणि जांभ्या दगडाच्या भागात खाण नसतानाही पाण्यात ते असतंच. घरच्या घरी बघायचं तर काचेच्या पेल्यात विहिरीचं ताजं पाणी रात्रभर ठेवा, तळाला तांबूस गाळ बसतो का बघा. दुसरं, त्याच पाण्याचा बिनदुधाचा चहा करा. लोह जास्त असेल तर चहा शाईसारखा काळपट होतो. हे नुसतं इशाऱ्यापुरतं आहे, खात्रीसाठी पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

पाण्यात विरघळलेलं लोह चाऱ्यातल्या लोहापेक्षा अंगात सहज उतरतं आणि तांबं, जस्त यांची वाट अडवतं. ही दोन्ही खनिजं थोडीच लागतात, पण त्यांच्याशिवाय पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात आणि मारू मात्र शकत नाहीत. रंग उडणं, डोळ्यांभोवतीची वर्तुळं ही तांब्याच्या कमतरतेची जुनी, ओळखीची खूण आहे. शिवाय असं पाणी जनावराला चवीला आवडत नाही, ते कमी पितं आणि दूध घटतं. रस्त्याकडेच्या धुळीने माखलेल्या गवताचंही तेच, त्या तांबड्या धुळीतून लोह पोटात जातं. आम्ही त्या कडेचं गवत कापणं सोडलं.

पाणी उंचावरून पसरट टाकीत पडू दिलं, एक दिवस निवळू दिलं की बरंचसं लोह हवेने गंजून तळाला बसतं. वरचं पाणी वाळूच्या थरातून गाळून घेतो. सोबत खनिज मिश्रण, मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅमच्या आसपास, डॉक्टरांनी सांगितलेलं. कळकळीने सांगते, तांबं कमी म्हणून कुणी मोरचूद विकत आणून पाण्यात घालू नका. तांबं जास्त झालं तर यकृत निकामी करतं, आणि मेंढ्यांना तर अगदी थोडंही झेपत नाही.

पेंड

बुरशी आलेली पेंड गाईला चालते, हा समज घातक आहे. शेंगदाण्याच्या, खोबऱ्याच्या, सरकीच्या पेंडीवर दमट हवेत जी बुरशी येते तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृत बिघडवतं आणि अंगातली प्रतिकारशक्ती दाबतं. लस टोचलेली असूनही अंगात पुरेशी ताकद तयार होत नाही, त्यामागे हेही एक कारण असू शकतं. ते दुधातही उतरतं आणि दूध उकळल्याने जात नाही, तेच दूध आपली मुलं पितात. दुधासाठी आपल्या देशात मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. बुरशीचा भाग काढून बाकीचं घालू, असं करू नका. जी दिसत नाही तीही आत पसरलेली असते. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच पेंड आणा, गोणी फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका.

मे महिना आणि चीक

वासरं जूनमध्ये आजारी पडतात, पण त्याचं मूळ मेमध्ये असतं. आटवलेली गाभण गाय शेवटचे दोन महिने पत्र्याखाली धापा टाकत काढते, आणि तिच्या वासराला चिकातून मिळणारं संरक्षण नीट शोषता येत नाही. आम्ही पत्र्यावर झावळ्या घातल्या, दुपारी अंगावर पाणी आणि सोबत पंखा. आपल्या दमट हवेत पंख्याशिवाय नुसतं पाणी मारलं तर अंग ओलं राहतं, गार होत नाही.

आणि चीक आधी वासराला. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर, जन्मल्यापासून पहिल्या दोन तासांत सुरुवात. चोवीस तासांनंतर आतड्याची ती वाट बंद होते, मग कितीही पाजा. शेजारपाजारी खरवसासाठी वाट बघत असतात, मला माहीत आहे. त्यांना दुसऱ्या दिवशीचा द्या.

लसीही याच हिशेबाने. घटसर्प आणि फऱ्याची लस पाऊस सुरू व्हायच्या तीन-चार आठवडे आधी व्हायला हवी, कारण अंगात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. लाळ्या-खुरकुताची दर सहा महिन्यांनी.

हे सगळं करताना डॉक्टरांना बोलवायला उशीर करू नका. ताप १०४ अंशांवर, गळ्याला सूज, तोंड उघडून श्वास, लाल लघवी, किंवा वासराने दूध सोडलं, तर गोठ्याची तपासणी नंतर, डॉक्टर आधी.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे एक कासदाह झाला आणि दोन वासरांना चार दिवस खोकला. बारा जनावरांत इतकंच. काळ्या गाईचा रंग परत यायला पाच-सहा महिने लागले, नवा केस काळा उगवू लागला तो आधी पाठीवर दिसला. वासरांच्या नाकाजवळ पहाटे बसून बघणं मात्र मी दर आठवड्याला करते, जून ते सप्टेंबर. ताडपत्र्या टाकून दिल्या नाहीत. त्या आता शेणाच्या ढिगावर घालते, म्हणजे पावसाने त्याचं पाणी विहिरीकडे वाहत नाही.